शब्दचर्चा : त्रिकोणी जाळीवरचा ‘गुळगुळीत’ पृष्ठभाग

प्रश्न : संगणकावर त्रिकोणांच्या जाळीवरून वक्र आकार घडवताना येणाऱ्या ‘स्मूथ सरफेस’ला ‘गुळगुळीत पृष्ठभाग’ म्हणावं का? ‘लूप सबडिव्हिजन’ला ‘फेरा-विभाजन’ चालेल?

उत्तर : ‘फेरा’ नको, लूप हे आडनाव आहे. चार्ल्स लूप यांनी १९८७ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात त्रिकोणांची जाळी पुन्हापुन्हा बारीक करत वक्र पृष्ठभागाकडे नेण्याची ही रीत मांडली. ‘लूप-विभाजन’ लिहा.

‘गुळगुळीत’ फरशीला शोभतं. इथे मुद्दा दोन तुकडे कडेवर कसे जुळतात हा आहे. नुसतं ‘सलग’ म्हणजे फट नाही, पण दुमड राहू शकते. ‘स्पर्श-सलग’ म्हणजे कडेच्या प्रत्येक बिंदूवर दोन्ही तुकड्यांचं स्पर्शप्रतल (त्या बिंदूला टेकणारी सपाट पातळी) एकच. ‘वक्रता-सलग’ त्याच्या पुढचं : कडेवर दोन्हीकडची वक्रताही सारखी. गाडीच्या पत्र्याला स्पर्श-सलग पुरत नाही : दिव्यांच्या पट्ट्यांचं प्रतिबिंब तुटत नाही, पण कडेपाशी कोपरा घेतं आणि डोळ्याला लगेच खुपतं.

दुसरं उत्तर : लूप-विभाजनात एका त्रिकोणाचे चार होतात. कडेवरच्या नव्या बिंदूसाठी आसपासच्या बिंदूंची भारित सरासरी काढताना कडेच्या दोन टोकांना प्रत्येकी ३/८, समोरच्या दोन शिरोबिंदूंना प्रत्येकी १/८ भार. सहा शेजारी असलेला जुना शिरोबिंदू हलवताना त्याला स्वतःला ५/८, प्रत्येक शेजाऱ्याला १/१६. अशा सहा-शेजारी भागात पृष्ठभाग वक्रता-सलग होतो. पाच किंवा सात शेजारी असले की त्या बिंदूपाशी फक्त स्पर्श-सलग.

सहा शेजारी नसलेल्या या बिंदूंना काही जण ‘विषम शिरोबिंदू’ म्हणतात. कृपया म्हणू नका! मराठीत विषम म्हणजे ३, ५, ७, आणि इथे सम-विषम खरोखरच महत्त्वाचं आहे. कडांचे वक्र आधी ठरवून प्रत्येक त्रिकोणावर एकच बहुपदी तुकडा बसवायचा म्हटलं, तर शिरोबिंदूभोवतीच्या समीकरणांची साखळी कडांची संख्या विषम असताना सुटते. सम असताना सारणीचा (समीकरणांतल्या सहगुणकांच्या कोष्टकाचा) निर्धारक शून्य होतो आणि गाडं अडतं. म्हणून ‘अनियमित शिरोबिंदू’ बरा.

प्रश्नकर्ता : मग ‘गुळगुळीत’ बादच?

उत्तर : नाही, दिसण्यापुरता ठेवा. २००१ सालच्या पीएन (पॉइंट-नॉर्मल, म्हणजे बिंदू-लंब) त्रिकोणात सपाट त्रिकोणाच्या जागी दहा नियंत्रणबिंदूंनी आकार ठरणारा वक्र, त्रिघाती बेझिए तुकडा असतो आणि छायेसाठीचे पृष्ठभागावरचे लंब वेगळे काढलेले असतात. त्यामुळे तो गुळगुळीत दिसतो, पण कडांवर असतो नुसता सलग. साच्यासाठी हाच पृष्ठभाग कापायला दिला तर छाया मदतीला येत नाही, धातूवर दुमडी उमटतात.