शब्दचर्चा: बेलआउट, थकहमी, निर्लेखन

प्रश्न
‘बेलआउट’ला, म्हणजे बुडू लागलेल्या संस्थेला पैसे घालून वाचवण्याला, मराठीत काय म्हणावे? वर्तमानपत्रांत ‘संजीवनी’, ‘दिलासा’, ‘मदतीचा हात’, ‘पॅकेज’ असे शब्द दिसतात. घेणाऱ्याला काय मिळाले ते त्यांतून कळते, पण पैसे कोणाचे गेले ते कळत नाही. कर भरणारा माणूस म्हणून मला हे खटकते. साखर कारखान्यांच्या बातम्यांत ‘थकहमी’ हा शब्द येतो. तो चालेल का?

प्रतिसाद
नाही. बेलआउट संस्था अडचणीत आल्यावर होतो, थकहमी कर्ज घेतानाच दिली जाते. हप्ता थकतो त्यातला हा ‘थक’. कारखाना बँकेकडून कर्ज घेतो, शासन हमी देते, कर्ज थकले की बँक शासनाकडे येते. मग राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पैशातून, भरणा होतो. असे कर्ज काढण्याचा आणि हमी देण्याचा अधिकार राज्याला संविधानाच्या अनुच्छेद २९३ने दिला आहे.

माझा आक्षेप पुढे आहे. हमी देताना तिजोरीतून रुपयाही जात नाही, म्हणून अर्थसंकल्पात खर्चाच्या बाजूला ती दिसत नाही. ती खर्च म्हणून उमटते ती कर्ज बुडाल्यावर. तोवर सही करणारे मंत्रिमंडळ कदाचित बदललेले असते आणि जाब विचारायला समोर कोणी उरत नाही. त्यामुळे बातमीत ‘थकहमी मंजूर’ वाचले की मी तो खर्चच धरतो.

प्रतिसाद
जाता जाता ‘निर्लेखन’ आणि ‘माफी’ यांतला फरकही नोंदवू या. निर्लेखनात बुडीत कर्ज ताळेबंदातून काढतात, पण कर्जदाराकडचे येणे कायम राहते आणि वसुली चालू ठेवता येते. माफीत येणेच संपते. म्हणून ‘उद्योगपतींची कर्जे माफ केली’ हे वाक्य भाषेच्या दृष्टीने चूक आहे. मी बँकेत नोकरी केली आहे, हा गोंधळ रोज ऐकला आहे.

प्रश्नकर्ता
फरक मान्य. पण आकडे बघा. डिसेंबर २०२२मध्ये अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे आधीच्या पाच आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे १०.०९ लाख कोटी रुपये निर्लेखित केले. त्याच काळात निर्लेखित खात्यांतून परत आले ते सुमारे १.३२ लाख कोटी. ‘वसुली चालू आहे’ हे खरे असले तरी त्यावर किती विसंबायचे ते या दोन आकड्यांवरून ठरवावे.

शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र ‘माफी’ हाच शब्द येतो, जणू त्याने गुन्हा केला होता. महाराष्ट्राच्या २०१७च्या ३४,०२२ कोटींच्या योजनेच्या सरकारी नावात ‘शेतकरी सन्मान’ होता, २०१९च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’. तरी बोलताना सगळे कर्जमाफीच म्हणतात.

प्रतिसाद
‘पुनर्भांडवलीकरण’ही या यादीत घ्या. ऑक्टोबर २०१७मध्ये सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींची घोषणा झाली, त्यातले १.३५ लाख कोटी रोख्यांतून. सरकारने रोखे काढले, ते त्याच बँकांनी आपल्याकडच्या ठेवींच्या पैशातून घेतले, आणि ती रक्कम सरकारने भांडवल म्हणून त्यांच्यातच घातली. मुद्दल राजकोषीय तुटीत मोजले गेले नाही. व्याज मात्र दरवर्षी अर्थसंकल्पातून जाते. एवढा लांबलचक शब्द वाचून सामान्य वाचक पान उलटतो, आणि नेमके तिथेच थांबायला हवे.

प्रतिसाद
मला ‘बँक वाचवली’ हा प्रयोग बोचतो. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. ती बँक जानेवारी २०२२मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांपेक्षा मोठ्या ठेवीदारांना उरलेल्या रकमेसाठी वर्षानुवर्षांचे हप्ते मिळाले. येस बँकेवर ५ मार्च २०२०ला निर्बंध आले, १८ मार्चला उठले, कारण स्टेट बँक आणि इतर बँकांनी पैसे घातले. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच, ‘वाचवणे’. ठेवीदारांचे अनुभव मात्र एकमेकांपासून किती दूर!

शब्दच सुचवायचा तर करदात्याच्या बाजूने ‘भुर्दंड’ आहे. दुसऱ्याच्या चुकीपायी आपल्याला सोसावा लागणारा खर्च. ‘बँकेला भांडवल, करदात्याला भुर्दंड’ असे शीर्षक मी आनंदाने वाचेन.

प्रतिसाद
शब्द आवडला, पण सरसकट वापरू नये. येस बँकेत स्टेट बँकेने पहिली गुंतवणूक १० रुपये शेअरने केली आणि २०२५मध्ये १३.१९ टक्के हिस्सा २१.५० रुपयांनी जपानी बँकेला विकला. तिथे स्टेट बँकेला नफा झाला, भुर्दंड बसला नाही. उलट २०२०मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली तर ज्यांचे मुद्दलही बुडू शकते असे) शून्यावर आणले गेले आणि ते घेणाऱ्यांचे पैसे बुडाले, त्यांत निवृत्त माणसेही होती. भुर्दंड बसला तो त्यांना.

प्रश्नकर्ता
हे पटले. मग सोसावे लागले तिथेच ‘भुर्दंड’ म्हणू. नफा होवो की तोटा, आधी ‘जोखीम’ लिहावी आणि ती कोणी उचलली तेही लिहावे. ‘कारखान्याला दिलासा’ऐवजी ‘कारखान्याच्या कर्जाची जोखीम राज्याच्या तिजोरीवर’. ‘येस बँक वाचली’ऐवजी ‘येस बँकेत स्टेट बँकेचे ६,०५० कोटी’. बातमीदारांपैकी कोणी इथे असतील तर उद्यापासून असे लिहिता येईल का, ते सांगावे.