मदत हवी: १/७२ च्या छोट्या खेळण्यातल्या शिपायांच्या भाल्यांवरचा रंग सुटतोय. हेच सुधारू की ६ मिमी उंचीच्या शिपायांकडे वळू?

नमस्कार मंडळी,

टेबलावरच्या ऐतिहासिक लढायांत मी अगदी नवखा आहे. २८ मिमी उंच शिपायांच्या देखण्या फौजा बघून जीव लालचावतो, पण तिथे एकेका शिपायावर अख्खी संध्याकाळ जाते. आणि खेळ आपल्याला मानवेल की नाही, हेच अजून ठरलेलं नव्हतं. म्हणून स्वस्तातली वाट धरली आणि १/७२ चे, म्हणजे खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढे, मऊ प्लास्टिकचे शिपाई आणले. लढाई निवडली झामाची, इ.स.पू. २०२, कार्थेजचा हॅनिबल विरुद्ध रोमचा स्किपिओ. कारण एकच, मला हत्ती हवे होते.

शिपाई न धुताच करड्या स्प्रेचा एक हात दिला, वर अ‍ॅक्रिलिक रंग. धुवायचे असतात हे नंतर कळलं. वाळल्यावर झकास दिसत होते. मग त्रियारींची (रोमनांच्या शेवटच्या रांगेतल्या भालाईतांची) रांग लावताना एकाचा भाला बोटाला लागून वाकला आणि परत सरळ झाला. वाकला होता तिथला रंग पापुद्र्यासारखा उचलला गेला नि खालचं पिवळट प्लास्टिक उघडं पडलं. संध्याकाळपर्यंत असे अकरा भाले. बेसवर सुपरग्लूने चिकटवलेले शिपाईही टिचकी मारली की सुटतात.

पुठ्ठ्याचे चौकोन कापून, त्यांवर पेनने ‘भाले’, ‘घोडे’, ‘हत्ती’ लिहून दोन डाव मात्र खेळून झाले. त्यात लाज वाटली नाही. प्रशियात राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांपुढे मांडलेला युद्धखेळही ठोकळ्यांवरच चालायचा. थोडक्यात, खेळ आवडला.

खरी अडचण वेगळीच आहे. झामाला स्किपिओने तुकड्यांच्या मध्ये सरळ गल्ल्या मोकळ्या ठेवल्या आणि हत्ती त्यांतून निघून गेले. १/७२ चा माणूस साधारण २४ मिमी उंच. ६० मिमी रुंद बेसवर दाटीवाटीने चार उभे राहतात, आणि एका बाजूला बारा बेस मांडले की माझं टेबल संपतं. गल्ल्या काढायच्या कुठे? चार माणसांना मॅनिपल (रोमन सैन्यातली तुकडी) म्हणायलाही मन धजत नाही.

तर रंगाचं काही करता येईल का, की हा नाद सोडून आत्ताच ६ मिमीला जावं? १० मिमीबद्दलही ऐकलंय. दोनशे शिपाई रंगवून झाल्यावर पस्तावायचं नाहीये.

प्रतिसाद
रंगाचं होईल. हे प्लास्टिक पॉलिथिलिन, त्याला ना रंग नीट धरत ना सुपरग्लू. त्यात साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर. कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या. मग पीव्हीए गोंद (पांढरा फेव्हिकॉलसारखा) थोडं पाणी घालून पातळ करा आणि सगळ्या शिपायावर एक हात मारा. वाळला की त्याची लवचिक कातडी बनते, भाल्याबरोबर वाकते. त्यावर अ‍ॅक्रिलिक, शेवटी परत पीव्हीए. कडक इनॅमल वापरू नका, तडकतं.

वाकडे भाले गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. अगदीच हट्टी असेल तर कापून टाका, मुठीत बारीक भोक पाडून तार घाला. मी त्रियारींना सरसकट तारच घालतो. बेससाठी पायाखालची पट्टी सँडपेपरने खरवडा आणि पीव्हीए नि वाळूच्या थरात पट्टीच गाडून टाका.

प्रतिसाद
गल्ल्या दाखवायच्या असतील तर ६ मिमी, दुसरा विचार नको. त्याच ६० मिमीच्या बेसवर चोवीस माणसं आरामात मावतात आणि लांबून खरोखर फौज दिसते. पण एकेक माणूस रंगवायला बसलात तर वेड लागेल. एका पट्टीवर जोडून आलेली चार माणसं एकदम धरा. काळा किंवा गडद तपकिरी हात द्या, मग ढाली, शिरस्त्राणं, चेहरे, बास. रंग नेहमीपेक्षा भडक घ्या, एवढ्या लहान आकारात साधा लाल काळपट दिसतो. बहुतेक धातूचे असतात, जुन्या ओतकामात शिसंही सापडतं, तेव्हा हात धुवा.

उलट, ढालीवरची नक्षी रंगवण्यात तुमचा जीव रमत असेल तर ६ मिमी रुक्ष वाटेल. १० मिमी मधलं आहे, तिथे चेहरा कळतो. आधी एकच बेस करून बघा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. तीन त्रियारी धुऊन पीव्हीए लावून रंगवले, काल मुद्दाम भाले वाकवले. दोन टिकले. तिसऱ्याचा मुठीजवळ सुटला, तिथे साबण नीट धुतला नव्हता बहुतेक.

६ मिमीचा एक बेस करून बघतोच. हे शिपाई छोट्या चकमकींना ठेवीन, तिथे गल्ल्या लागत नाहीत. हत्तींचं मात्र वाईट वाटतंय, ६ मिमीच्या रोमनांपुढे ते डोंगर दिसतील.

एक राहिलं, वरच्या पीव्हीएची तकाकी मॅट व्हार्निशने जाते का?

प्रतिसाद
जाते. फक्त पीव्हीए रात्रभर वाळू द्या.