खरेदीदाराचा अभिप्राय कारण न सांगता काढून टाकणे योग्य आहे का?

शेतकरी, चोपडा तालुका
गेल्या खरिपात मी ऑनलाइन बाजारातून पाठीवर घ्यायचा १६ लिटरचा बॅटरी पंप मागवला. एका चार्जिंगवर वीस पंप, म्हणजे वीस भरलेल्या टाक्या, फवारणी होते असे जाहिरातीत लिहिले होते; माझ्या कपाशीत सात पंपांनंतरच बॅटरी बसली आणि ऐन बोंडे धरायच्या दिवसांत मजूर बांधावर बसून राहिले. मी एक तारा दिला, चार्जरचे व पंपाचे फोटो जोडले आणि शेवटी एक वाक्य लिहिले की पार्सल यायला अकरा दिवस लागले व खोके फाटलेले होते. काही दिवसांनी तो अभिप्राय दिसेनासा झाला. तो मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही एवढेच मला कळवण्यात आले. कोणते तत्त्व मोडले आणि कोणत्या वाक्याने, याचा उल्लेख नव्हता. ज्याने पैसे मोजून वस्तू वापरली आहे त्याचे म्हणणे कारण न देता काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो अभिप्राय वाचून यावल-रावेरकडचा एखादा शेतकरी तरी तो पंप घेताना थांबला असता.

केळी वेफर्सची विक्रेती, फैजपूर
भाऊ, तुमचे नुकसान मला समजते, पण दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. आमच्या घरच्या उद्योगात चार बायका काम करतात. कुरियरवाल्याने खोके आपटले, वेफर्सचा चुरा झाला आणि ग्राहकाने एक तारा देऊन 'निकृष्ट माल' असे लिहिले. आमच्या मालावर तेव्हा जेमतेम तीस अभिप्राय होते, त्यामुळे अशा दोन-तीन नोंदींनी सरासरी घसरली आणि ऐन श्रावणात, उपवासाच्या दिवसांत, मागणी कमी झाली. मोठ्या कंपनीला एक तारा जाणवतही नाही. आम्हाला त्याने महिन्याचा तेलाचा खर्च भागत नाही. जो दोष आमचा नाही त्याची नोंद आमच्या नावावर कायम राहावी, हा न्याय कसा?

शेतकरी, चोपडा तालुका
ताई, तुमच्या ग्राहकाने दोष चुकीच्या माणसाला लावला, हे मान्य. माझ्या पंपाची बॅटरी मात्र कुरियरवाल्याने उतरवलेली नव्हती. पोहोचवण्याबद्दलचे एक वाक्य चुकीच्या जागी लिहिले म्हणून बॅटरीबद्दलची सहा वाक्ये का जावीत?

ग्राहक प्रश्नांवर काम करणारा, धुळे
तुम्ही दोघे ज्यावर बोलत आहात ते बहुधा दोन वेगळे अभिप्राय आहेत. अनेक बाजारांत वस्तूबद्दलचा अभिप्राय निराळा आणि विक्रेत्याबद्दलचा निराळा असतो. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉनवर वस्तूच्या अभिप्रायात विक्रेता, वेष्टन किंवा पोहोचवणी यांबद्दल लिहिणे नियमात बसत नाही. उलट विक्रेत्याबद्दलच्या अभिप्रायात केवळ वस्तूचीच चर्चा असेल, तर विक्रेता तो काढण्याची मागणी करू शकतो. ही विभागणी चोपड्यातल्या किंवा साक्रीतल्या खरेदीदाराला कोणी समजावून सांगत नाही, आणि माझ्या मते अर्धे वाद इथेच जन्मतात.

कायद्याचे सांगतो. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० साली आले. त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे असते. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यासही त्यात मनाई आहे. २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोने अभिप्राय गोळा करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणले, पण ते ऐच्छिक म्हणूनच लागू झाले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात मात्र मजकूर काढताना लिहिणाऱ्याला नेमके कारण कळवण्याचे बंधन आहे. आपल्याकडेही तसेच बंधन हवे, असे मला वाटते.

लाल मिरचीचा व्यापारी, नंदुरबार
मी या मताशी सहमत नाही. नेमके कारण कळले की खोडसाळ माणूस तेवढे वाक्य बदलून पुन्हा तेच लिहितो. मला एकाने फोन करून पैसे परत मागितले, माल मात्र परत करणार नाही म्हणाला, आणि नकार दिल्यावर तीन खात्यांवरून 'मिरचीत रंग आहे' असे लिहिले. हे काढायला मला कित्येक आठवडे लागले. त्या आठवड्यांचा तोटा कोण भरून देणार?

ग्राहक प्रश्नांवर काम करणारा, धुळे
तुमच्यावर झालेला प्रकार गंभीर आहे, पण तो पैसे उकळण्यासाठी केलेला खोटेपणा आहे, आणि खरेदीची नोंद तपासली की माल न घेतलेली तीनपैकी दोन खाती तिथेच उघडी पडतात. त्या भीतीपोटी खऱ्या खरेदीदारालाही गप्प करणे मला पटत नाही. अमेरिकेत फॅशन नोव्हा या कंपनीने चार ताऱ्यांहून कमी असलेले अभिप्राय दडवल्याचा आरोप झाला आणि २०२२ च्या जानेवारीत तिला ४२ लाख डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले. वाईट अभिप्राय गाळून उरलेली सरासरी ही ग्राहकाची दिशाभूल असते, हाच त्या प्रकरणाचा गाभा होता.

केळी वेफर्सची विक्रेती, फैजपूर
धुळ्याच्या दादांचे बरेचसे म्हणणे मला पटले, तरी एक आग्रह मी सोडणार नाही. अभिप्राय ठेवायचा असेल तर त्याच्या खालीच, तेवढ्याच ठळक अक्षरांत, विक्रेत्याचे उत्तर दिसले पाहिजे. आणि पोहोचवणीचा दोष बाजाराच्या स्वतःच्या गोदामाचा असेल, तर ते तारे आमच्या सरासरीत धरू नयेत.

शेतकरी, चोपडा तालुका
ताई, या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. मी आज अकरा दिवसांचे वाक्य वगळून, फक्त बॅटरीबद्दल, तोच अभिप्राय पुन्हा लिहिला आहे आणि तक्रार अधिकाऱ्याला जुन्या मजकुराची प्रत पाठवून कारण लेखी मागितले आहे. महिन्याभरात उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. जे उत्तर येईल ते इथे जसेच्या तसे देईन.