'पातळ कातडीचा' हे मराठी आहे का?

मांजराकाठ
अडलंय म्हणून विचारतो. आमच्याकडं लातूरला तत्त्वज्ञान वाचणाऱ्यांचा एक गट रविवारी जमतो. तिघं स्टोइकांचे, म्हणजे मन अविचल ठेवा म्हणणाऱ्या जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचे भक्त, चौघं वेदान्ती आणि एकटे एक काका चार्वाकवाले, म्हणजे ऋण काढूनही तूप प्यावं म्हणणारे. गेल्या उन्हाळ्यापासून एक रीत पडली आहे. वाद तापला की आवाज चढवायचा नाही, समोरच्याला चिठ्ठी द्यायची आणि चिठ्ठीत फक्त कांतीचा सल्ला लिहायचा. 'आपलं अनुमान फार कोरडं पडलंय, रात्री साय चोळून झोपावं.' 'मायेचे डाग उटण्यानं जात नाहीत, तरी तीन दिवस लावून बघा.' काकांना गेलेली चिठ्ठी सगळ्यांना पाठ झाली आहे: 'ऋण काढून आणलेलं तूप पिऊ नका, टाचांना लावा, फार उलल्यात.' या रीतीमुळं आमचा गट फुटायचा वाचला, म्हणून मला तिची किंमत आहे.

मागच्या रविवारी मी एका वेदान्ती सरांना लिहिलं, 'आपली कातडी फार पातळ झाली आहे, ऊन टाळावं.' म्हणायचं होतं की तुम्ही चटकन दुखावता. सर आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेत. ते म्हणाले, हे इंग्रजीचं कातडं पांघरलेलं मराठी आहे, चिठ्ठी बाद. मी म्हटलं, आमची माय म्हणायची की 'लई पातळ कातडीची हाय ती'. मला स्पष्ट आठवतंय. 'गेंड्याची कातडी' आपल्याकडं चालते, मग तिच्या उलट काय म्हणायचं? येत्या रविवारच्या आत सांगा.

पुण्यात परभणीकर
सर बरोबर आहेत. मराठीत कातडी सोलतात, लोळवतात, बचावतात. अंगाच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटत नाहीत असं म्हणतात. चटकन दुखावणाऱ्या माणसाचा आणि कातडीच्या जाडीचा आपल्याकडं संबंधच नाही. हळवा म्हणा, तापट म्हणा. 'गेंड्याची कातडी'सुद्धा मला उसनीच वाटते.

गोदाकाठ
उसनी कशी? गेंड्याच्या कातड्याच्या ढाली आपल्या देशात वापरात होत्या. ज्यांनी त्या ढालीवर तलवार आपटून बघितली त्यांना ही उपमा सुचायला इंग्रजी यावं लागत नव्हतं.

आणि मांजराकाठ, तुमच्या मायचं खरं असेल, पण ती माणसाबद्दल बोलत होती का? मी माळेगावच्या जत्रेत लहानपणापासून जातो. जनावर घेताना जाणता माणूस बरगडीजवळची कातडी चिमटीत धरून ओढून बघतो. पातळ, सैल आणि मऊ असली तर गाय दुधाला चांगली. 'पातळ कातडीची हाय' ही तिथं तारीफ असते आणि भाव वाढतो.

मांजराकाठ
आमच्याकडं दावणीला जनावरं होती खरी. पण मला आठवतंय ते आत्याबद्दल. आता विचारायला माय नाही.

तेरची लेक
लिंबाचंही तसंच आहे. साल पातळ असली तर लिंबू रसाचं, म्हणून तर कागदी लिंबू म्हणतात. मराठीत पातळ साल हा गुणच आहे. सरांना लिहिलेली चिठ्ठी एका परीनं गौरवाची झाली!

उर्दूची शाळा
तुम्ही सगळे संस्कृत आणि इंग्रजीच्या मधेच शोधायलात. माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, सगळं शिक्षण उर्दूतून. 1948 नंतरही त्यांचा हिशेब उर्दू आकड्यांत चालायचा. चटकन रुसणाऱ्या माणसाला ते 'नाजूक मिजाजाचा' म्हणायचे, आणि उगीच फणफणणाऱ्याला 'तुनकमिजाज'. आमच्या गल्लीत हे शब्द सगळ्यांना कळायचे, अडाणी बाईलाही. शब्द इथंच आहे, उंबऱ्याच्या आत.

पुण्यात परभणीकर
तो मराठी शब्द नाही.

उर्दूची शाळा
'मिजास' मराठी आहे ना? 'नाजूक'? 'हुशार', 'जखम', 'नरम'? एवढे चालतात आणि त्यांचा जोडशब्द केला की परका होतो? मराठवाड्यातल्या माणसानं बोललेला शब्द पुण्याच्या नाक्यावर अडवायचा, हे मला मान्य नाही. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झालं. आमच्याकडचे वकील, मास्तर, तहसीलदार त्या भाषेत घडले. त्यांच्या बोलण्यातला निम्मा ऐवज टाकून दिला तर आमच्याकडं राहील काय?

पुण्यात परभणीकर
मीही परभणीचाच आहे. माझे आजोबाही उर्दूतूनच शिकले. त्यांनी घरात हट्टानं मराठी ठेवली, त्यासाठी किंमत मोजली. म्हणून मी अडवतो.

गोदाकाठ
दोघांचेही आजोबा खरे. पुढं चला.

मांजराकाठ
काल रात्री एक सुचलं. आपण विशेषणाच्या मागं लागलो, मराठीनं हे काम क्रियापदाकडं दिलं आहे. इंग्रजी माणूस कातडी किती जाड ते मोजतो. आपण म्हणतो 'मनाला लावून घेऊ नका'. लावणं! तेल लावतो, हळद लावतो, लेप लावतो, तेच क्रियापद. बोलणं 'लागतं', बोलणारा 'लागट' बोलतो, ते 'जिव्हारी लागतं'. म्हणजे अपमान हा मराठीत अंगावर चढणारा पदार्थ आहे. त्यातही 'लागलं' वेगळं आणि 'लावून घेतलं' वेगळं. पहिल्यात समोरचा करतो, दुसऱ्यात आपला हात आपणच डबीत घालतो.

स्टोइकांपैकी एपिक्टेटस गुलाम म्हणून वाढला. त्यानं हेच सांगितलं आहे, की शिवी देणारा किंवा मारणारा अपमान करत नाही, अपमान झाला हे आपलं मत अपमान करतं. त्याला हे समजवायला वाक्यं खर्चावी लागली. आपल्याकडं ते नुसत्या 'घेणं' या सहायक क्रियापदात बसलं आहे. मला रात्रभर झोप आली नाही, एवढा आनंद झाला. चिठ्ठी तयार आहे: 'मनाला लावून घेऊ नका, तोंडाला लावून घ्या.'

गोदाकाठ
हे झकास. आणि याच्या उलट 'निर्लेप'. लिप् म्हणजे माखणं. गीतेत 'लिप्यते न स पापेन पद्मपत्रमिवाम्भसा' आहे, तेराव्या अध्यायात आकाश 'नोपलिप्यते'. ईशावास्यात 'न कर्म लिप्यते नरे'. आपल्या पूर्वजांनी मोक्षाची कल्पनाच कातडीवरून केली. ज्याला काही चिकटत नाही तो मुक्त. तेव्हा गेंड्याच्या कातडीच्या शेजारी कमळाचं पान ठेवा, प्रश्न मिटतो.

पुण्यात परभणीकर
'निर्लेप' आता कोण त्या अर्थानं वापरतं? माझ्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, तवा.

गोदाकाठ
औरंगाबादच्याच कंपनीनं काढलेला तवा आहे तो, मला त्या नावाचा अभिमान आहे. काही चिकटत नाही म्हणून निर्लेप. उपनिषदातला शब्द डोशापर्यंत पोचला, यात शब्दाचं काय बिघडलं?

उर्दूची शाळा
बिघडलं असं नाही, पण अर्थ उलटा झाला. तो तवा निर्लेप आहे कारण त्याच्यावर लेप आहे! टेफ्लॉनचा. 1938 मध्ये सापडलेलं रसायन, त्याचा थर दिल्यावरच काही चिकटत नाही. थर खरवडला की अंडं धरतं. मग मला विचारायचं आहे, की तुमचा निर्लेप पुरुष जन्मतः तसा असतो की त्यालाही वरून थर द्यावा लागतो? स्टोइक मंडळी रोज सकाळी मनाशी घोकतात की आज उद्धट, कृतघ्न माणसं भेटणार. तो थरच झाला.

गोदाकाठ
कमळाच्या पानावरही मेणाचा थर असतोच. तो पानानं स्वतः तयार केलेला असतो, बाजारातून आणलेला नसतो. फरक तिथं आहे.

तेरची लेक
मला 'लावून घेऊ नका' याबद्दल बोलायचं आहे. मांजराकाठ, तुमचा शोध सुंदर आहे, पण मी तो आनंदानं घेऊ शकत नाही.

मी सावळी आहे. लहानपणी सुट्टीत आजोळी गेले की हळद, डाळीचं पीठ आणि साय एकत्र करून मावशी माझं तोंड घासायची. गालाची आग व्हायची. पाहुण्यांसमोर कुणी रंगावरून बोललं की आतल्या खोलीत नेऊन हेच वाक्य: 'मनाला लावून घेऊ नको, तोंडाला लावून घे.' तुमची चिठ्ठी शब्दशः. ती प्रेमानंच म्हणायची, हे मला माहीत आहे. पण 'घे' म्हटलं की बोलणाऱ्याचं बोट सुटतं आणि माझा हात पकडला जातो. एपिक्टेटसनं स्वतःबद्दल म्हणावं, तो त्याचा अधिकार. मालकानं गुलामाला तेच म्हटलं तर त्याला तत्त्वज्ञान म्हणता येत नाही. म्हणून माझं म्हणणं, 'लागलं' हा शब्द जपा. 'मला लागलं' यात लाज नाही.

आमच्या गावची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यावर मारत मडकी तपासली. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले, रडले, आणि कच्चं मडकं ठरले. लहानपणी मला वाटायचं, ज्याला लागलं तोच कच्चा कसा? अजूनही वाटतं. पुढं तेच नामदेव औंढ्याला विसोबांकडं गेले, पक्के झाले, पंजाबापर्यंत पोचले. न लागलेल्यांपैकी किती जण एवढं चालले?

मांजराकाठ
ती चिठ्ठी मी फाडली. सरांना देणार नाही. तुमची माफी मागतो.

तेरची लेक
माफी कशाला, चिठ्ठी वाईट नव्हती. मित्राला द्या, लहान मुलीला देऊ नका.

डॉक्टरीणबाई, बीड
त्वचेचंच चाललंय म्हणून दोन शब्द. बाहेरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि साधारण महिन्याभरात पालटतो. घासून रंग बदलत नाही, नुसती साल निघते. आपण 'ओलावा देणारं' म्हणून जे मलम लावतो, त्यातलं व्हॅसलीनसारखं काही ओलावा देत नाही, असलेला कोंडून धरतो. म्हणून 'ओलावाधारक' म्हणावं असं माझं मत.

लेपाच्या चर्चेत आयुर्वेदातल्या वाग्भटाला कुणी आणलं नाही याचं नवल वाटलं. मुखलेप लावल्यावर काय टाळायचं ते त्यानं सांगितलं आहे: दिवसा झोप, बोलणं, विस्तव, ऊन, शोक आणि क्रोध. आणि शार्ङ्गधर हा दुसरा जुना वैद्य म्हणतो लेप ओला आहे तोवर गुण देतो, वाळला की कांती बिघडवतो.

मांजराकाठ
बोलणं, शोक आणि क्रोध! रविवारची चिठ्ठी मिळाली. 'आपण मुखलेप लावून बसावं. वाळायच्या आत काढावा.' सरांना हरकत घ्यायला जागा नाही, वाग्भट त्यांचाच.

पुण्यात परभणीकर
'ओलावाधारक' चालणार नाही. 'धारक' म्हटलं की शिधापत्रिका आठवते. साधा 'स्नेह' म्हणा. तेलालाही स्नेह, मायेलाही स्नेह.

उर्दूची शाळा
दुकानात जाऊन 'स्नेह द्या' म्हणून दाखवा.

गोदाकाठ
सगळ्यात वर काकांच्या टाचा 'उलल्यात' असं लिहिलंय, त्याच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. आमच्याकडं नांदेडला थंडीत ओठ उलतात, पाय उलतात, उन्हाळ्यात रानही उलतं. पुण्याला ओठ 'फुटतात' म्हणे. फुटणं मडक्याचं, एका दणक्यात होतं. उलणं हळूहळू, कोरडेपणानं आतून. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुण्यात परभणीकर
पुण्यात टाचांना भेगा पडतात. ओठ फुटतात. उलतात म्हटलं की ऑफिसात विचारतात, काय झालं?

तेरची लेक
आम्ही जमिनीला 'उलली' म्हणतो आणि टाचांना 'चिरा पडल्या'. लातूरला दोन्हीला उलणंच का? बीडला काय म्हणतात?