बंगालीत 'स्नायू' म्हणजे नस (नर्व्ह), मराठीत मसल. असं कसं?

हावडावासी:
बाबा साताऱ्याहून आमच्याकडे आलेत. उजव्या अंगठ्याला आणि लगतच्या दोन बोटांना मुंग्या येतात. शेजाऱ्यांनी 'स्नायुरोग विशेषज्ञ' सुचवले. बाबा अडून बसले, "माझे स्नायू ठणठणीत आहेत, हे शिरेचं दुखणं आहे." चौकशी केली तर ते डॉक्टर न्यूरॉलॉजिस्टच! इथे स्नायुतंत्र म्हणजे आपली मज्जासंस्था, शीतयुद्धालाही स्नायुयुद्ध म्हणतात. मग मूळ अर्थ कोणाचा?

शारीर_शिकवते:
दोघांचाही नाही. मी आयुर्वेद महाविद्यालयात रचनाशारीर (अ‍ॅनाटॉमी) शिकवते, हा माझा फार जिव्हाळ्याचा शब्द आहे. सुश्रुतसंहितेत स्नायू 900 सांगितलेत: हातापायांत 600, धडात 230, मानेपासून वर 70. मांसाच्या पेशी (म्हणजे मसल, सेल नव्हे) वेगळ्या, त्या 500. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव माणसांचा भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेत म्हणून शरीर भार सोसतं, असं तिथे म्हटलंय. म्हणजे स्नायू हा बांधणारा दोर. हिंदी पाठ्यपुस्तकांत लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला, 'स्नायु' म्हणतात, ते मुळाच्या सर्वांत जवळ. मराठीत तो दोरावरून दोर ओढणाऱ्या मांसावर सरकला.

बंगालीत झालं ते ग्रीकमध्ये फार आधी झालं होतं. अथर्ववेदातला 'स्नावन्', अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला 'स्नावर', ग्रीक 'न्यूरॉन', लॅटिन 'नेर्वुस' हे एकाच कुळातले. न्यूरॉन आधी कंडरा (टेंडन, मसलला हाडाशी जोडणारी दोरी) होती, धनुष्याची दोरी होती. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस या ग्रीक वैद्याने शवविच्छेदनातून नसांचा मेंदूशी संबंध दाखवला, आणि तेच नाव नसांकडे गेलं. अरबी 'असब'मध्येही कंडरा आणि नस दोन्ही आहेत.

कारण मनगट उघडलं की दिसतं. पामॅरिस लाँगस या हाताच्या मसलची कंडरा आणि तिच्याखाली मीडियन नस, दोन्ही पांढुरक्या दोऱ्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी त्या बोटांनी मागं-पुढं शोधायला लावते. कंडरा वर मांसात शिरते, नस तळहातात फाटे फोडते. हीच कंडरा तळव्यात पसरते त्या पडद्याला आजही 'अपोन्यूरोसिस' म्हणतात. त्याचा नसांशी काही संबंध नाही, न्यूरॉनचा जुना अर्थ तिथे तसाच राहिलाय!

बडोद्याची_लेक:
आमच्या गुजराती शाळेत स्नायु म्हणजे मराठीसारखंच मसल, आणि नसेला 'चेता'. सासर धारवाडचं, कन्नडमध्येही स्नायु मसलच. नसेला ते 'नर' म्हणतात.

हावडावासी:
बाबांना वाचून दाखवलं. उद्याची वेळ घेतली. तिथे मसलला काय म्हणायचं?

शारीर_शिकवते:
'पेशी' म्हणा. मराठीत पेशी म्हणजे सेल, पण बंगालीत सेलला 'कोष' म्हणतात, त्यामुळे घोळ होणार नाही. आणि अंगठा व लगतची दोन बोटं हा मीडियन नसेचाच इलाका, तेव्हा डॉक्टर योग्यच आहेत. रात्री मुंग्या वाढतात का, हात झटकल्यावर बरं वाटतं का, हे त्यांना आठवणीने सांगा.