मुंबई–नागपूर विमानाने ‘दीड तास’: हा वेळ नक्की कुठून कुठपर्यंत?

डोंबिवलीकर
भाचीच्या साखरपुड्याला नागपूरला गेलो. जो तो म्हणाला, विमानाने जा, दीड तासात पोचशील. सकाळी सहाचं विमान. सामानाचा काउंटर तासभर आधी बंद होतो, त्यामुळे घरातून पावणेतीनला टॅक्सी काढली. त्या वेळी लोकल नाही, मेट्रो नाही. प्रतापनगरला ताईच्या दारात चप्पल काढली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. म्हणजे साडेपाच तास, आणि झोपेचं खोबरं. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी कल्याणला पकडली की रात्रभर आडवं व्हायचं, सकाळी नागपूर. तिकिटावरचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. लोकांना तसं सांगणं चूक आहे.

सोनेगावची_लेक
अजिबात पटलं नाही. मागच्या वर्षी दुपारी दोनला फोन आला, बाबांना आयसीयूत हलवलंय. साडेसातला मी त्यांच्या खाटेपाशी होते. बाबा शुद्धीवर होते, माझं बोट धरून म्हणाले, ‘जेवलीस का?’ पहाटे गेले. रेल्वेने आले असते तर ही भेट झालीच नसती. साडेपाच तास तर साडेपाच तास, मला ते पुरले.

नकाशा_वेडा
थोडं अंतराबद्दल. सरळ रेषेत मुंबई–नागपूर सुमारे ७०० किमी. रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत जाते, म्हणून ८३७ किमी. समृद्धी महामार्ग ७०१ किमी, पण तो मुंबईतून नाही, भिवंडीजवळच्या आमणे गावापासून मोजलेला. तरी रस्ता रेल्वेपेक्षा सरळ गेलाय. वेळापत्रकातला दीड तास हा विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा. प्रत्यक्ष हवेत तासाभराहून थोडं जास्त. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. म्हणून येताना पुष्कळदा घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात. जाताना पाठीवर, येताना तोंडावर. त्यामुळे परतीला जास्त वेळ धरतात.

बडनेऱ्याचा
आमचं काय ते पण ऐका ना भाऊ. इतकी वर्षं अमरावतीवाल्यानं नागपूरला उतरायचं अन् दीडशे किलोमीटर मागं यायचं. ‘दीड तास’ आमच्यासाठी नव्हताच. एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून, म्हणजे अमरावतीच्या विमानतळावरून, मुंबईचं विमान सुरू झालं, लय बरं वाटलं. पण ते एटीआर, म्हणजे छोटं पंख्याचं विमान आहे, जागा सत्तरच्या आसपास. म्हणून आम्ही आजही आधी रेल्वेचंच रिझर्व्हेशन पाहतो.

ठाणे_ते_वर्धा
समृद्धी जून २०२५ पासून आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. ठाण्याहून आमणे जवळ, आम्ही गाडीनेच जातो. फक्त एकट्याने चालवू नका. सरळ रस्त्यावर १२० च्या वेगात डोळा कधी लागतो कळत नाही. मेहकरच्या आसपास उतरून चहा घ्या, ड्रायव्हर बदला.

डोंबिवलीकर
@सोनेगावची_लेक, ताई, वाचून गलबललं. आजारपणात मीही विमानच धरेन, त्यात वाद नाही. पण चौघांचं कुटुंब लग्नाला निघतं, तेव्हा ‘दीड तास’ ऐकून चार तिकिटं काढतं. त्यांना घरापासून घरापर्यंतचा हिशोब सांगायला हवा.

सोनेगावची_लेक
दादा, हिशोब सांगा, पण तो डोंबिवलीचा आहे हेही सांगा. मी अंधेरीला राहते. मला विमानतळ वीस मिनिटं आणि कल्याण दीड तास.