सत्तरीत फिरत्या खरेदीसाठी नेट: डोंगल, पॉकेट राउटर की फोन?

रानवाट
काजूच्या हंगामात मार्च ते मे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गाडीतून फिरती खरेदी आहे: वाळपई, ठाणे, चरावणे, केरी. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगाव. बिलाचा लॅपटॉप, एक टॅब आणि वाय-फायवरचा पावती प्रिंटर, तिन्ही एकाच नेटवर हवेत. रोज सात-आठ तास. बजेट चार हजारांच्या आत. दुकानदार फाइव्ह-जीच घ्या म्हणतो. काय घ्यावं, आणि सिम कोणाचं?

आठशेपन्नास
उलट्या क्रमाने जा. आधी सिम, मग डबी, म्हणजे सिम घालून वाय-फाय देणारा पॉकेट राउटर.

पॉकेट राउटर सिग्नल तयार करत नाही. टॉवर तोच, आणि त्याची अँटेना बऱ्याचदा चांगल्या फोनपेक्षा कमजोर असते. केरीत फोनला जे मिळत नाही, ते डबीलाही मिळणार नाही. म्हणून ज्या वाड्यांवर थांबणार तिथे निरनिराळ्या कंपन्यांची सिमं आळीपाळीने फोनात घालून बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत *#*#४६३६#*#* डायल केलं की सिग्नलचे आकडे दिसतात. आरएसआरपी (सिग्नलची ताकद, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी चांगली) उणे ९५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०पर्यंत बिलिंग चालेल, उणे ११८च्या खाली गेलं की पावती अडकणार. कांड्या बघू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. टॉवर कुठे आहेत ते सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर दिसतं.

आता बँड, म्हणजे नेटवर्क ज्या वारंवारितेवर चालतं तो पट्टा. सत्तरीच्या झाडीत कमी वारंवारिता लांब पोचते: जिओचा बँड ५ (८५० मेगाहर्ट्झ), एअरटेल आणि व्हीआयचा बँड ८ (९००), बीएसएनएलचा बँड २८ (७००). बँड ४० (२३००) वेगवान, पण डोंगराआड लगेच हात टेकतो. खोक्यावर नुसतं ‘फोर-जी’ लिहिलेलं पुरेसं नाही; १, ३, ५, ८, ४० हे सगळे आकडे यादीत हवेत आणि बीएसएनएल घेणार असाल तर २८सुद्धा. परदेशातून कोणी आणून दिलेल्या डबीत कधी कधी नेमका ४० नसतो.

फाइव्ह-जी विसरा. त्याचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे पल्ला आणखी तोकडा. शिवाय ते राउटर चार हजारांत बसत नाहीत. कॅट ४चा (फोर-जीचा एक वेगवर्ग) राउटर कागदावर १५० एमबीपीएस देतो. तुमच्या बिलांना २ एमबीपीएसही खूप झाले.

आणि म्हापशात शुक्रवारी नेट मंदावतं ते गर्दीमुळे. सिग्नल फुल्ल, वेग शून्य. तिथे महागडी डबीही काही करू शकत नाही, दुसऱ्या कंपनीचं सिमच उपयोगी पडतं.

हिशेबनीस
डोंगल (लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचा) बाद करा. त्याला स्वतःची बॅटरी नसते, लॅपटॉप बंद झाला की प्रिंटरचंही नेट गेलं. लांब एक्स्टेन्शन केबलवर लावला तर व्होल्टेज पडून मध्येच सुटतो.

राउटरमध्ये टीपी-लिंक एम७२०० हा साधा नमुना: २००० एमएएच, दहा उपकरणं, वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झची. पावती प्रिंटर बहुतेक २.४वरच चालतात, त्यामुळे ही उणीव नाही. एम७३५०ला स्क्रीन आहे आणि ५ गिगाहर्ट्झही, पण तो ५वर ठेवलात तर प्रिंटरला नेटवर्क दिसणारच नाही आणि दिवसभर प्रिंटरला शिव्या बसतील. टेलिकॉम कंपनीच्या नावाची स्वस्त डबी सहसा त्याच कंपनीच्या सिमला लॉक असते. तुम्हाला सिम बदलावं लागणार, तेव्हा अनलॉक्डच घ्या.

कंपनी आठ तास सांगते. कमजोर सिग्नलला रेडिओ जोर लावतो, पाच धरून चाला. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून अशी डबी साधारण तीनदा भरते. सी-पोर्टची स्वस्त डबी बऱ्याचदा सी-टू-सी केबलवर (दोन्ही टोकांना टाइप-सी) चार्जच होत नाही, कारण आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर घातलेले नसतात. डबी बिघडली समजून परत करू नका, जुनी ए-टू-सी केबल लावा.

मेच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवाल तर बॅटरी फुगेल. पत्र्याच्या पेटीतही नको. खिडकीजवळ, सावलीत. बॅटरी काढता येणारी असेल तर अर्धं काम झालं.

तिस्क
सिमचं राहिलंच. नवं सिम आधी फोनात घालून सुरू करा, पडताळणीचा कॉल किंवा ओटीपी डबीवर घेत बसणं त्रासाचं. नंतर येणारे एसएमएस ब्राउझरमधून वाचायचे: टीपी-लिंकला १९२.१६८.०.१, इतरांचा पत्ता मागच्या लेबलवर. तिथेच पासवर्ड बदला.

चोर्ल्याची गोम वेगळी आहे. गोवा महाराष्ट्राच्या टेलिकॉम सर्कलमध्ये येतो, कर्नाटक वेगळं. फोनात डेटा रोमिंग सहसा चालू असतं म्हणून लक्षात येत नाही. डबीत ते बंद असेल तर कर्नाटकातल्या कणकुंबीकडे नेटवर्क दिसेल, नेट नाही. आधीच चालू करून ठेवा. एपीएन (कंपनीच्या नेटला जोडणारं नाव) आपोआप आलं नाही तर हाताने घाला: जिओला जिओनेट, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत.

लॅपटॉपला ही वाय-फाय घरच्यासारखीच वाटते. विंडोजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा जपून वापरायची सेटिंग) केलं नाही तर एका अपडेटमध्ये दिवसाचा कोटा साफ, मग वेग ६४ केबीपीएसवर. फोनच्या प्लॅनमधलं अमर्याद फाइव्ह-जीही फोर-जी डबीत लागू होत नाही, रोजच्या मर्यादेतूनच कापलं जातं.

रानवाट
आभार. घरात दोन सिमचा जुना फोर-जी फोन पडून आहे. तोच हॉटस्पॉट म्हणून बसवला तर?

आठशेपन्नास
तुमच्या कामाला तोच बरा, खर्च शून्य. दोन कंपन्यांची सिमं आत, केरीत एक अडलं की सेटिंगमध्ये डेटा दुसऱ्यावर. दोन गोष्टी करा: हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची वेळ काढून टाका आणि वाय-फायचा बँड २.४वर ठेवा. त्या नंबरवर बोलणं मात्र नको, एका सिमवर कॉल आला की दुसऱ्याचा डेटा थांबतो.

हिशेबनीस
आधी त्याची बॅटरी तपासा. सपाट टेबलावर उताणा, स्क्रीन वर करून ठेवून फिरवा, मागचं झाकण फुगलं असेल तर भिंगरीसारखा फिरेल. तसा फिरला तर तो फोन गाडीत नेऊ नका, एम७२०० घ्या.